क्लेप जर्मन परीक्षा: ९५ डॉलर, ९० मिनिटं, ६ क्रेडिट्स आणि दोन मार्कांनी हुकलेले ३

आधी निकाल सांगून टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे ते सुटले. क्लेपची जर्मनची परीक्षा मी २०२५ च्या मार्चमध्ये दिली, ५८ आले. ५० ला पास धरतात आणि ६० ला वरची लेव्हल, म्हणजे दोन मार्कांनी माझे ३ क्रेडिट्स (इथल्या कॉलेजात डिग्रीसाठी गोळा करायची युनिट्स) गेले आणि ६ पदरात पडले. तरीपण पाचपैकी चार स्टार देतेय. एक का कापला ते खाली येईलच आणि तो त्या दोन मार्कांच्या रागाने कापलेला नाहीये (थोडासा असेल).

ज्यांना माहितीच नाही त्यांच्यासाठी, क्लेप म्हणजे कॉलेज बोर्डाची परीक्षा, तेच सॅट (कॉलेज प्रवेशाची परीक्षा) आणि एपी (हायस्कूलमधल्या पोरांसाठी कॉलेजच्या लेव्हलची परीक्षा) वाले. १९६७ पासून चालू आहे, ३४ विषय आहेत, आणि कल्पना अगदी साधी आहे की बाबा तुला हा विषय आधीच येतोय ना, मग सेमिस्टरभर वर्गात बसून फी कशाला भरतोस, ही परीक्षा दे आणि त्याचे क्रेडिट्स घेऊन जा. पहिल्यापासून ह्याचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे वय झालेले विद्यार्थी आणि सैन्यातले लोक, सैन्यातल्यांची फी तर सरकारच भरतं. परदेशी भाषा फक्त तीन, स्पॅनिश, फ्रेंच आणि जर्मन. स्पॅनिशची लेखनासकट अशी एक वेगळी परीक्षा पण आहे, बाकी साध्या तिन्हींत फक्त ऐकायचं आणि वाचायचं, बोलायचं आणि लिहायचं काहीच नाही.

आता मी कोण, तर पुण्याची. अकरावीला कॉमर्सला जर्मन घेतलेली कारण सगळेच घेत होते, स्कोरिंग म्हणून, गोएथेची भाषा वगैरे काही डोक्यात नव्हतं, मराठी घेतलं तर पेपर हात राखून तपासतात आणि जर्मनला ऐंशीच्या वर सहज पडतात एवढंच माहीत होतं. पण बारावीनंतर ती भाषा खरंच आवडली म्हणून बोट क्लब रोडला मॅक्स म्युलर भवनला, म्हणजे जर्मन शिकवणाऱ्या गोएथे इन्स्टिट्यूटला, जायला लागले, ए वन, ए टू अशा पायऱ्या चढत बी वन पर्यंत आले. मग बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला लग्न, न्यू जर्सी, एच फोर (नवऱ्याच्या नोकरीवर बायकोला मिळणारा व्हिसा), मुलगी, आणि मधली नऊ वर्षं जर्मनशी संबंध म्हणाल तर आल्डी ह्या जर्मन सुपरमार्केटमध्ये मिळणारी बिस्किटं. वर्क परमिट येईपर्यंत एच फोरवर नोकरी करता येत नाही पण शिकायला बंदी नाही, म्हणून मुलगी पहिलीत गेल्यावर मी इथल्या एका कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांचं असतं) नाव घातलं. माझ्या डिग्रीत परदेशी भाषेची दोन सेमिस्टर कम्पल्सरी निघाली. भाषेच्या वर्गात अठरा वर्षांच्या पोरांबरोबर बसून गुटेन मॉर्गन पासून परत सुरुवात करायची आणि त्याचे क्रेडिटमागे दोनशेच्या आसपास डॉलर भरायचे हे काही मला झेपेना, आणि तेव्हा एका मैत्रिणीने क्लेपचं सांगितलं.

पैशाचं आधीच सांगते कारण तेच सगळे विचारतात. मी दिली तेव्हा परीक्षेची फी ९५ डॉलर होती, ती अधूनमधून थोडी थोडी वाढतच असते, त्यावर सेंटरची स्वतःची फी वेगळी, माझ्या सेंटरने ३० घेतले. म्हणजे १२५. रुपयांत करू नये म्हणतात पण हात जातोच, तर अकरा हजारांच्या आत. समोर सहा क्रेडिट्सची फी बाराशे डॉलर, पुस्तकं वेगळी, आठवड्यातून दोन संध्याकाळी मुलीला कुणाकडे ठेवायचं तो प्रश्न वेगळा. हिशोबाला बसलात तर इथेच विषय संपतो. आणि वर एक गंमत म्हणजे मॉडर्न स्टेट्स म्हणून एक संस्था आहे, ती क्लेपच्या विषयांचे ऑनलाइन कोर्स फुकट देते आणि कोर्स पूर्ण केला की परीक्षेचं व्हाउचर पण देते, म्हणजे ते ९५ सुद्धा वाचतात. हे मला कधी कळलं तर परीक्षा देऊन आल्यावर. त्याच मैत्रिणीकडून. तिने सायकॉलॉजीची अशीच फुकटात दिली होती आणि मला सांगायचं राहून गेलं म्हणे.

तयारी मी सहा आठवडे केली, रोज मुलगी झोपल्यावर तासभर. कॉलेज बोर्डाची गाइड घेतली, त्यातले नमुना प्रश्न खऱ्या परीक्षेच्या जातीचेच आहेत, तेवढं विकत घ्या. बाकी सगळं फुकटात होतं. डॉइचे वेले ही जर्मनीची प्रसारण संस्था रोजच्या बातम्या मुद्दाम सावकाश वाचून देते, बरोबर लिहिलेला मजकूरही असतो, ते मी भांडी घासताना लावायचे. पहिल्या आठवड्यात फक्त शहरांची आणि मंत्र्यांची नावं कळत होती. तिसऱ्या आठवड्यात एकदम झाकण उघडल्यासारखं झालं, मॅक्स म्युलरच्या मॅडमचा आवाजसुद्धा आठवायला लागला.

आता पेपर. साधारण १२० प्रश्न, ९० मिनिटं, सगळं कॉम्प्युटरवर आणि सगळं चार पर्यायांचं. पहिला अर्धा तास ऐकायचं, मग तासभर वाचायचं. मार्कांचं वजन बघितलं तर ऐकण्याला ४० टक्के आणि वाचण्याला ६०. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत त्यामुळे येत नसेल तरी ठोकून यायचं, कोरं सोडू नका. ह्यातला सगळ्यात बेकार भाग पहिलाच आहे. एक वाक्य ऐकू येतं, म्हणजे कुणीतरी कुणालातरी काहीतरी म्हणतं, आणि त्याला साजेसं उत्तर कुठलं ते निवडायचं, पण ते चार पर्यायसुद्धा ऐकूच येतात, स्क्रीनवर लिहिलेले नसतात. म्हणजे अ ऐकला, ब ऐकला, क ऐकेपर्यंत अ विसरला. मला वाटलं होतं ऐकण्यात आपण मार खाणार शब्दांमुळे, पण शब्द सोपेच होते, मार खाल्ला तो डोक्यात चार वाक्यं धरून ठेवण्यात. ह्याची प्रॅक्टिस अशी करा की कुणालातरी पर्याय वाचून दाखवायला सांगा आणि कागद हातात घेऊ नका. माझ्या नवऱ्याने वाचून दाखवले, त्याचं जर्मन उच्चारण ऐकून झाल्यावर खरी परीक्षा सोपीच वाटते.

दुसऱ्या भागात जरा मोठे संवाद आणि निवेदनं, स्टेशनवरच्या अनाउन्समेंट, फोनवरचे निरोप अशा छापाचं. तिसरा वाचनाचा, त्यात आधी सुटी वाक्यं, गाळलेली जागा भरा, मग छोटे उतारे ज्यात मधे मधे शब्द गायब, आणि शेवटी मोठे उतारे, जाहिराती, वेळापत्रकं वगैरे. गाळलेल्या जागा म्हणजे निव्वळ व्याकरण. विभक्ती पक्की असेल तर हे गुण हातात, आणि पुण्यात जर्मन शिकलेल्यांची विभक्ती पक्की असते, बोलताना तोंड उघडत नसलं तरी. मी काही खरा प्रश्न इथे सांगणार नाहीये, सुरुवातीलाच प्रश्न बाहेर फोडणार नाही असं कबूल करून घेतात, तेव्हा खालची उदाहरणं सगळी माझ्या प्रॅक्टिसच्या वहीतली आहेत.

इथे एक सांगायलाच पाहिजे, मराठी माणसाला ह्या परीक्षेत जो फायदा आहे तो कुठल्याच गाइडमध्ये लिहिलेला नाही. अमेरिकन पोरांना जर्मनमधली तीन लिंगं म्हणजे शिक्षा वाटते, आपल्याला तो ती ते लहानपणापासून आहे. अर्थात वस्तूंची लिंगं जुळत नाहीत, तिकडे सूर्य ती आणि चंद्र तो, जेवणाच्या टेबलावर चमचा तो, काटा ती आणि सुरी ते, डेअर ल्योफेल, डी गाबेल, दास मेसर. पण मुलीला दास मेडशेन म्हणजे नपुंसकलिंग म्हटल्यावर वर्गातले हिंदीवाले चक्रावले होते आणि आम्ही मराठी पोरी मात्र शांत, कारण आमच्या आज्या आम्हाला ते पोरगं, ते कार्टं असंच म्हणत आल्यात. विभक्तीचंही तेच. घोडा, घोड्याला, घोड्याने हे आपण न शिकता करतो, तिकडे शब्द तसाच राहतो आणि त्याच्या आधीचा डेअर बदलून डेम होतो एवढाच फरक. कारण, जर, की असलं काही आलं की क्रियापद वाक्याच्या पार शेवटी जातं, ते इंग्लिशवाल्यांना उलटं वाटतं, आपलं तर कायमच शेवटी असतं.

आणि आकडे! जर्मनमध्ये चोवीस म्हणजे फिअर-उंट-त्स्वान्त्सिश, चार आणि वीस. आधी एकक मग दशक. ऐकून लिहायचं असेल तर इंग्लिशच्या सवयीचा माणूस बेचाळीसचे चोवीस करून ठेवतो. आपण चोवीस म्हणताना आधी चारच म्हणतो ना, पंचेचाळीसमध्ये आधी पाचच येतो, त्यामुळे मी आकडे ऐकले की सरळ डोक्यात मराठीत उतरवायचे, मधे इंग्लिश येऊच द्यायचे नाही, एकही चुकला नाही. फक्त आपल्या एकोणऐंशीचा प्रकार त्यांच्याकडे नाही, तिथे ते आपल्यापेक्षा सरळ आहेत.

पण हाच फायदा एका ठिकाणी अंगाशी येतो, ते म्हणजे घड्याळ. हाल्प ड्राय. हाल्प म्हणजे अर्धा, ड्राय म्हणजे तीन. मराठी डोकं लगेच साडेतीन म्हणतं. आणि ते असतं अडीच. तिसरा तास अर्धा झालाय, असं त्यांचं म्हणणं. मी प्रॅक्टिसमध्ये हे तीनदा चुकले आणि चौथ्यांदा वैतागून बाबांना फोनवर सांगितलं, तर ते म्हणाले अगं मग अडीच म्हणजे तरी काय, अर्धतृतीय, तिसरा अर्धा, तुझ्या जर्मनांनी आपल्यासारखंच केलंय. बाबा संस्कृतचे शिक्षक होते, त्यांना ह्यात फार मजा आली. मला मजा यायला वेळ लागला, पण त्यानंतर हाल्प ड्राय ऐकलं की अडीच हाच शब्द येतो, चुकायचं बंद झालं. हाल्प फिअर आलं की मात्र आपल्याकडे साडेतीन, रोजच्या बोलण्यात अडीचसारखा शब्द नाही, तिथे परत तारांबळ.

परीक्षेच्या दिवशी काय झालं ते. सेंटर दुसऱ्या काउंटीतल्या एका कॉलेजातलं, नाव घेत नाही. पासपोर्ट आणि रजिस्ट्रेशनचं तिकीट दाखवलं, फोन, घड्याळ, जॅकेट सगळं लॉकरमध्ये, पाण्याची बाटलीसुद्धा बाहेर. आत आठ कॉम्प्युटर आणि माझ्या शेजारी एक जण गणिताची परीक्षा देत होता, तो कीबोर्ड असा बडवत होता की जणू त्याच्यावरच राग आहे. हेडफोन लावला तर डाव्या कानात खर्र खर्र. मी हात वर केला, पर्यवेक्षक बाई आल्या, त्यांनी वायर हलवली, मला विचारलं आता बरं आहे का, आणि खर्र बंद झालं म्हणून मी हो म्हणाले. तिसऱ्या प्रश्नाला परत सुरू. आता परत हात वर करायचा तर वेळ चाललाय, म्हणून मी हेडफोनची डावी बाजू कानावरून सरकवली आणि सगळं एका कानाने ऐकलं. दोन मार्क इथे गेले का? काय माहीत. पण तुम्ही माझ्यासारखा भिडस्तपणा करू नका, सुरू करायच्या आधीच हेडफोन बदलून मागा, नमुन्याचा आवाज नीट दोन्ही कानांत ऐका आणि मगच पुढे जा. घरून पण परीक्षा देता येते, कॅमेऱ्यासमोर, पण मग खोलीत दुसरं कुणी येता कामा नये, आणि माझ्या घरात बाथरूमच्या दाराबाहेर सुद्धा कुणीतरी आई आई करत उभं असतं.

वाचनात वेळ पुरला. शेवटी बटण दाबलं की लगेच स्क्रीनवर मार्क, हे क्लेपचं मला सगळ्यात आवडलं, दोन महिने निकालाची वाट बघायची भानगड नाही. २० ते ८० मध्ये स्कोअर असतो. ५८. मी आधी खूश झाले आणि पार्किंगमध्ये आल्यावर डोक्यात प्रकाश पडला की अरेच्चा, दोनच हवे होते.

त्या दोनचं गणित असं आहे. अमेरिकन काउन्सिल ऑन एज्युकेशन म्हणून संस्था आहे, ती सुचवते की जर्मनला ५० आले तर ६ क्रेडिट्स, म्हणजे कॉलेजची पहिली दोन सेमिस्टर, आणि ६० आले तर ९. स्पॅनिशला वरची लेव्हल ६३ ला, फ्रेंचला ५९ ला. सुचवते हा शब्द नीट वाचा. द्यायचे की नाही, किती द्यायचे, कितीवर द्यायचे, हे प्रत्येक कॉलेज स्वतः ठरवतं. २९०० च्या आसपास कॉलेजं क्लेप मानतात हे खरं असलं तरी मानणं हे कांद्याच्या भावासारखं आहे, प्रत्येक बाजारात वेगळं. कुठे ५० ला सहा देतील, कुठे चार, कुठे म्हणतील भाषेची अट माफ केली पण क्रेडिट शून्य. आणि हा जो फरक आहे ना माफी आणि क्रेडिटमधला, ह्यात आपले लोक हमखास फसतात. माफी म्हणजे तुम्हाला भाषेचा कोर्स करायला नको, पण डिग्रीला लागणाऱ्या साठ किंवा एकशेवीस क्रेडिट्समधला एकही कमी झाला नाही, त्या जागी दुसरा कुठलातरी कोर्स पैसे भरून करायचाच. कॉलेजला मेल करताना थेट विचारा की क्रेडिट देणार की फक्त अट माफ, किती स्कोअरला किती, आणि उत्तर मेलवरच घ्या. तोंडी नको. आमच्या इथे काउंटरवरच्या एका मुलाने मला ठामपणे सांगितलं होतं की क्लेप बंद झाली.

हाच तो कापलेला स्टार. परीक्षा चांगली आहे, पण तिची किंमत परीक्षा देऊन कळत नाही, कॉलेजच्या कुठल्यातरी पानावरच्या तक्त्यावरून कळते, आणि तो तक्ता शोधण्यात माझा एक आठवडा गेला.

आता मनातलं बोलते. मला मराठी येतं, हिंदी येतं, आईचं माहेर बडोद्याचं म्हणून गुजराती बऱ्यापैकी येतं, लिहिता वाचता सगळं. ह्या तिन्हींचा क्लेपमध्ये उपयोग शून्य. जी भाषा मी नऊ वर्षं बोललेच नाही, जिच्यात मला धड भांडतासुद्धा येत नाही, तिचे मात्र सहा क्रेडिट्स. एपीमध्येही तेच, तिथे चायनीज आणि जपानी आहे, लॅटिन आहे, आपलं काही नाही. कारण उघड आहे, परीक्षा काढायची तर देणारे हजारो लागतात आणि तो कोर्स कॉलेजांत शिकवत असायला लागतो. आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर ती म्हणाली, म्हणजे घरात बोलतेस त्याचे काहीच नाही का गं, आणि मी म्हटलं नाही गं आई, तर म्हणाली मग त्यांनाच कळत नाही. विषय संपला तिच्या दृष्टीने.

नाही म्हणायला दुसरे रस्ते आहेत. ॲक्टफल म्हणून भाषा शिकवणाऱ्यांची संस्था आहे, तिची ओपीआय म्हणून मुलाखत असते, फोनवर माणूस तुमच्याशी वीस ते तीस मिनिटं बोलतो, ते रेकॉर्ड होतं आणि त्यावर ग्रेड मिळते, त्याच्यावरून क्रेडिट्स सुचवलेले असतात. हिंदी गुजराती त्यात आहेत. क्लेपपेक्षा महाग आहे पण निदान त्यात खरोखर बोलावं लागतं. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीची स्वतःची परीक्षा आहे, पन्नासच्या वर भाषा, १२ पॉइंटची आणि १६ पॉइंटची (पॉइंट म्हणजे तिथले क्रेडिट्स), तिच्यात लिहावं लागतं, हिंदी तिथेही आहे. मी हिंदीच्या मागे लागले होते, म्हटलं जर्मनबरोबर हेही करून टाकू. तर कॉलेजच्या ॲडव्हायजरने माझी फाइल उघडली आणि म्हणाली, सॉरी, मातृभाषेत क्रेडिट देत नाही आम्ही. म्हटलं माझी मातृभाषा हिंदी नाहीये. तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली. ॲडमिशन फॉर्ममध्ये मातृभाषेच्या खाली पर्याय दिलेले, त्यात मराठी नव्हतं, तेव्हा मी घाईत हिंदी टिचकी मारून पुढे गेले होते. खाली "इतर" होतं. ते मी निवडलं नाही. आता ते बदलायला अर्ज, अर्जाला पुरावा, आणि मातृभाषेचा पुरावा म्हणून काय द्यायचं तर शाळेचा दाखला, तो पुण्याला आईच्या कपाटात, आणि तो आहे मराठीत, म्हणजे त्याचं प्रमाणित भाषांतर करून आणायचं. मराठी ही माझी मातृभाषा आहे हे इंग्लिशमध्ये सिद्ध करून मग हिंदीची परीक्षा द्यायची. मी तो नाद सोडला. फॉर्म भरताना "इतर" निवडा रे बाबांनो, अगदी कळकळीने सांगतेय.

ज्यांची मुलं हायस्कूलला आहेत त्यांनी सील ऑफ बायलिटरसीची चौकशी शाळेत जरूर करा, इंग्लिश अधिक दुसरी एक भाषा चांगली येत असेल तर डिप्लोमावर तो शिक्का मिळतो, आणि मिनेसोटासारख्या ठिकाणी त्या सीलच्या जोरावर तिथल्या सरकारी कॉलेजांत भाषेचे सेमिस्टरचे क्रेडिट्सही मागता येतात. तिकडे राहणाऱ्यांनी रविवारच्या मराठी शाळेला कंटाळा करणाऱ्या पोरांना हे सांगून बघा, पैशाची भाषा लवकर कळते. आणि माझ्यासारख्या मोठ्या वयाच्यांनी, ज्यांना ठिकठिकाणचे क्रेडिट्स गोळा करून डिग्री पुरी करायचीये, त्यांनी ट्रेंटनची थॉमस एडिसन स्टेट युनिव्हर्सिटी बघावी, ती १९७२ मध्ये निघालीच मुळी मोठ्या विद्यार्थ्यांसाठी आणि परीक्षेने मिळवलेल्या क्रेडिट्सना तिथे नाकं मुरडत नाहीत. मी पुढे तिथेच जायचा विचार करतेय, अजून पक्कं नाही.

हां, आणि बदली करताना एक लक्षात ठेवा. कम्युनिटी कॉलेजने क्लेप मानली म्हणजे पुढचं चार वर्षांचं कॉलेज मानेलच असं नाही, ते परत स्वतःच्या तक्त्यात बघतं, त्यासाठी ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे स्कोअरचा अधिकृत दाखला, परत पाठवायची. रजिस्टर करतानाच एका कॉलेजचं नाव टाकलं तर तिथे स्कोअर फुकट जातो, नंतर पाठवायचा तर मी दिली तेव्हा दर वेळेला २० डॉलर होते. स्कोअर २० वर्षं जपून ठेवतात त्यामुळे घाई नाही. ग्रेडचं टेन्शन नाही कारण बहुतेक ठिकाणी क्लेपला ए बी सी लागत नाही, नुसते क्रेडिट्स लागतात, जीपीए (सगळ्या ग्रेडची सरासरी) तसाच राहतो. ज्यांना जीपीए वर ओढायचाय त्यांना ह्याचा उपयोग नाही हेही ओघाने आलंच.

कुणी द्यावी? माझ्या मते ज्यांचं ए टू नीट झालंय आणि सहा आठवडे काढायची तयारी आहे त्यांना ५० अवघड नाही. बी वन झालेल्याने ६० चंच टार्गेट ठेवावं, माझ्यासारखं पास झालं तरी पुरे म्हणून जाऊ नये. बी वनच्या परीक्षेत बोलणं, लिहिणं, ऐकणं, वाचणं चारही वेगवेगळं द्यावं लागतं आणि प्रत्येकात ६० टक्के लागतात, त्यामानाने ही फारच सोपी, निम्मी परीक्षाच म्हणा. गोएथेचं सर्टिफिकेट कॉलेजला दाखवून काम होईल असं मला वाटलं होतं, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून नेलं पण होतं, त्यांनी उघडलंही नाही. भाषा मनापासून शिकायची असेल तर मात्र वर्गातच बसा. ही परीक्षा काही शिकवत नाही, आहे तेवढं मोजते, तेही कान आणि डोळ्यांचंच. मी सहा क्रेडिट्सचं जर्मन पास आहे आणि परवा आल्डीत एक खरी जर्मन आजी भेटली तर माझ्या तोंडून गुटेन टाग नंतर सरळ "अच्छा" निघालं.

परत द्यायला तीन महिने थांबावं लागतं. वरचे तीन क्रेडिट्स मिळवायला परत १२५ घालायचे का ह्याच्यावर घरात चर्चा चालूये, नवरा म्हणतो दे, कारण त्याला परत पर्याय वाचून दाखवायचेत. कॉलेजला मेल टाकलाय की आधीच्या ६ वर वरच्या लेव्हलचे ३ देणार का, उत्तर आलं की बघू. तोपर्यंत गाइड पडूनच आहे, पेन्सिलने उत्तरं लिहिलेली आहेत, खोडून घ्यावी लागतील. न्यू जर्सीतल्या एडिसन गावाच्या आसपास कुणाला हवी असेल तर कॉमेंटमध्ये सांगा, फुकट देते, फक्त ऑगस्टच्या आधी परत करा.